हीट नंबर आणि सही

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या फाउंड्रीत गेलात, तर तयार कास्टिंगवर एक आकडा दिसतो. कधी तो ओतीवच असतो, कधी नंतर पंच केलेला. त्याला हीट नंबर म्हणतात. भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड म्हणजे एक हीट. त्या हीटमध्ये भंगार किती पडलं, पिग आयर्न किती, नमुना स्पेक्ट्रोमीटरवर लावल्यावर कार्बन आणि सिलिकॉन किती आलं, ओतताना तापमान काय होतं, पाळीवर कोण होतं, हे सगळं त्या एका आकड्यावरून मागे जाऊन शोधता येतं. सहा महिन्यांनी पुण्यातल्या गिऱ्हाइकाकडे मशीनिंग करताना एखाद्या हाउसिंगमध्ये ब्लो होल निघालं, तर फोनवर अमुक हीटचा माल खराब निघाला असं सांगितलं जातं आणि चौकशी त्या एका हीटपुरती होते. मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट गेलेलं असतं. त्याच्या तळाशी एका माणसाची सही असते.

याच कारखान्याच्या ऑफिसात हल्ली दुसरी एक भट्टी पेटली आहे. गिऱ्हाइकाला इंग्रजी पत्र लिहायचं, कोटेशनची भाषा नीट करायची, टेंडरच्या चाळीस पानांचा सारांश काढायचा किंवा जीएसटीचा एखादा प्रश्न सोडवायचा, की मोबाइल उचलून चॅटजीपीटीला नाहीतर जेमिनायला विचारायचं. उत्तर अर्ध्या मिनिटात येतं, इंग्रजी सुबक असतं आणि ते तसंच्या तसं पुढे जातं. ते कुठून आलं, कोणी तपासलं, कुठल्या कागदाशी ताडून पाहिलं, याची नोंद कुठेच नसते. शेडमधून हीट नंबरशिवाय एक नग बाहेर न सोडणारा कारखानदार ऑफिसातून मात्र रोज बिननंबरचा माल पाठवत असतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने वापरा, हे वाक्य आजकाल प्रत्येक उद्योग मेळाव्यात ऐकू येतं आणि ते बाहेरून आलेलं काहीतरी अवघड तत्त्वज्ञान वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला फाउंड्री चालवता येते त्याला ही जबाबदारी आधीपासून ठाऊक आहे. शेडमधली शिस्त ऑफिसात न्यायचं तेवढं राहून गेलं आहे.

कोल्हापूर निवडलं ते मुद्दाम. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवता बनवता इथल्या कारागिरांनी ओतकाम वाढवलं आणि आज या परिसरात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, इंजिनं यांचे भाग इथून जातात. बहुतेक ठिकाणी मालकच सगळं बघतो. सकाळी भट्टीपाशी, दुपारी बँकेत, संध्याकाळी पेमेंटसाठी फोनवर. पगारी वकील नसतो, आयटी विभाग नसतो. टॅली बघणारा मुलगाच सीसीटीव्हीही बघतो. मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेल्या सूचना, म्हणजे समिती नेमा, धोरण आखा, लेखापरीक्षण करून घ्या, इथे वाचल्या जातात आणि फाइलला लागतात. लहान कारखान्याला पेलेल अशी पद्धत वेगळी हवी.

त्यासाठी हे यंत्र आतून काय करतं ते थोडं समजून घ्यावं लागतं. चॅटजीपीटीसारखी साधनं म्हणजे भाषेची मॉडेलं. अफाट मजकूर वाचून त्यांनी एकच गोष्ट शिकलेली असते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, कुठला येण्याची शक्यता जास्त. एक तुकडा निवडायचा, तो जोडायचा, पुन्हा पुढचा निवडायचा. अशी साखळी लांबत जाते आणि आपल्याला परिच्छेद दिसतो. यात कपाटातून फाइल काढून बघण्याचा भाग मुळात नाही. काही साधनं आता इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, त्यामुळे चुका कमी होतात, पण शोधलेल्याचा अर्थ लावून लिहिणं पुन्हा त्याच साखळीने होतं. म्हणून खरं उत्तर आणि बनावट उत्तर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने येतात. कच्चा माणूस चुकताना अडखळतो, त्याचा आवाज बदलतो, आपल्याला शंका येते. इथे तो इशारा मिळत नाही.

दुसरी गोष्ट शिळेपणाची. मॉडेल एका तारखेपर्यंतचा मजकूर वाचून तयार होतं, आणि आपल्याकडचे नियम त्या तारखेसाठी थांबत नाहीत. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगाची व्याख्याच घ्या. १ एप्रिल २०२५ पासून ती बदलली. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटी झाली. लघूची पंचवीस आणि शंभर कोटी. मध्यमची एकशे पंचवीस आणि पाचशे कोटी. त्याआधी २०२० पासून हेच आकडे सूक्ष्मला एक आणि पाच, लघूला दहा आणि पन्नास, मध्यमला पन्नास आणि अडीचशे कोटी होते. इंटरनेटवर जुन्या आकड्यांचे लेख ढिगाने पडलेले आहेत. तुमची उलाढाल साठ कोटींची असेल आणि जुन्या वाचनावर पोसलेल्या यंत्राने तुम्हाला मध्यम ठरवलं, तर लघू उद्योगाचे हक्क असूनही तुम्ही ते मागणार नाही. वाहनांच्या सुट्या भागांचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. कोटेशनमध्ये जुना दर पडला तर गिऱ्हाईक हसेल किंवा दुसरीकडे जाईल. चूक मात्र यंत्राची मानली जाणार नाही.

ती कोणाची मानली जाते, हे न्यायालयांनी सांगून झालं आहे. न्यूयॉर्कमध्ये एका प्रवाशाने एव्हियांका या विमान कंपनीवर भरलेल्या दाव्यात त्याच्या वकिलांनी सहा निवाड्यांचा आधार दिला. सगळे चॅटजीपीटीने रचलेले होते. हे खटले खरे आहेत का, असं एका वकिलाने त्या यंत्रालाच विचारलं होतं आणि यंत्राने हो म्हटलं होतं. साक्षीदारालाच त्याच्या साक्षीबद्दल साक्ष द्यायला लावण्याचा हा प्रकार. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला, तोही वकिलांना. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने दिलेल्या निकालांवर आंधळेपणाने विसंबू नका, ते आधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं. यातून छोट्या उद्योजकाने दुहेरी धडा घ्यावा. आपण पाठवतो तो कागद तपासायचाच, पण आपल्याला आलेला कागदही तपासायचा. समोरच्या टेबलावरही तेच यंत्र असू शकतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, की मग नकोच ती भानगड. तसं मुळीच नाही. लहान उद्योगाला या साधनाचा सर्वांत मोठा फायदा भाषेचा आहे, आणि तो कमी लेखू नये. धंद्यात मुरलेला, पण इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की अवघडणारा माणूस कोल्हापुरात, इचलकरंजीत, सोलापुरात पावलोपावली भेटतो. अडकलेलं पेमेंट हे त्याचं कायमचं दुखणं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हा हक्क बहुतेकांना माहीत असतो. अडतं ते पत्राच्या सुरापाशी. गिऱ्हाईक तुटता कामा नये आणि पैसे तर यायला हवेत. असं नम्र पण ठाम पत्र, पहिलं आठवणीचं, दुसरं व्याजाचा उल्लेख असलेलं, तिसरं थेट कायद्याचं, हे यंत्र सुरेख लिहून देतं. मालकाने तपासायच्या गोष्टी मोजक्या: बिल नंबर, तारीख, रक्कम, आणि आपण खरंच सूक्ष्म किंवा लघू आहोत ना. मध्यम उद्योगाला हा ४५ दिवसांचा आधार नाही. पाच मिनिटांचं काम. चूक झालीच तर ती वाचताना सापडते, आणि पत्र पाठवायच्या आधी सापडते.

सुरुवात अशाच कामापासून करावी. ज्या कामात तपासायला लागणारा वेळ मुळात करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा फार कमी आहे आणि चूक निघाली तर खर्च किरकोळ आहे, तिथे यंत्राला बिनधास्त जुंपावं. उलट ज्या उत्तराची खातरजमा करायला तेवढाच अभ्यास लागतो, तिथे यंत्राने काहीच वाचवलेलं नसतं. कराचा गुंतागुंतीचा प्रश्न त्याला विचारावा, पण आपल्या सीएला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून.

भाषेवरून एक गंमत. फाउंड्रीची स्वतःची मराठी आहे आणि ती यंत्राने फारशी वाचलेली नाही, कारण ती कागदावर कमी आणि शेडमध्ये जास्त असते. हीट नंबरचं 'उष्णता क्रमांक' आणि पिग आयर्नचं थेट 'डुक्कर लोखंड' करण्याची तयारी या साधनांची असते. ऑफिसात हसून सोडून देता येईल. भट्टीजवळ लावायच्या सुरक्षेच्या पाटीवर असला घोळ झाला तर हसू येणार नाही. ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. ती सूचना प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत कळली पाहिजे. इथल्या शेडमध्ये मराठी माणसाच्या बरोबरीने बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली माणसं काम करतात. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम याच कामासाठी, भारतीय भाषांतल्या भाषांतरासाठी, २०२२ पासून सुरू आहे. तो किंवा दुसरं कुठलंही साधन वापरून पाटीचं ओडिया भाषांतर जरूर करा. मग ते ओडिया कामगाराला वाचायला द्या आणि त्याला काय कळलं ते त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लावा. नव्या पॅटर्नचा पहिला पीस गिऱ्हाइकाने पास केल्याशिवाय आपण लॉट लावत नाही. पाटीचाही पहिला पीस पास करून घ्यावा.

आता त्या मोबाइलमध्ये काय काय जातं ते पाहू. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग हे फाउंड्रीत सर्वांत जपण्याचं कागदपत्र. त्यासाठी गुप्ततेचा करार झालेला असतो, त्यावर मालकाची सही असते. एखादा होतकरू इंजिनिअर त्याच ड्रॉइंगचा फोटो काढून विचारतो, की यात श्रिंकेज कुठे येईल, रायझर कुठे ठेवू? त्याचा हेतू चांगला असतो. पण ड्रॉइंग कारखान्याबाहेर गेलेलं असतं. सॅमसंगसारख्या कंपनीत २०२३ मध्ये हेच घडलं. कर्मचाऱ्यांनी अंतर्गत प्रोग्रॅमचा मजकूर चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला काही आठवड्यांत असल्या साधनांवर बंदी घालावी लागली. मोफत आवृत्तीत आपण लिहिलेलं पुढच्या मॉडेलच्या शिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं. ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, आणि व्यवसायासाठीच्या सशुल्क योजनांत सहसा तसा वापर होत नाही. सहसा, हा शब्द करारात वाचून खात्री करण्याजोगा आहे. तोवर एक ढोबळ नियम पुरतो: जो कागद स्पर्धकाच्या टेबलावर पडलेला चालणार नाही, तो मोफत ॲपमध्ये टाकायचा नाही.

कामगारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या खासगी माहितीला तर कायद्याचंच कुंपण आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. लहान फाउंड्रीला कोणी अडीचशे कोटींचा दंड लावायला बसलेलं नाही, पण आपण लहान म्हणून कायदा आपल्याला लागू नाही हा समज चुकीचा आहे. काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे, तरी ती मिळेल असं धरून चालू नये. सव्वाशे कामगारांची आधार, बँक आणि पीएफची माहिती असलेली एक्सेल फाइल पगाराचा तक्ता नीट करून दे म्हणून कुठल्याही ॲपला चिकटवणं आजच थांबवावं. नावं आणि नंबर काढून टाकले तरी तक्ता नीट होतो.

इथवर झालं ऑफिसचं. शेडमध्ये जे एआय येऊ पाहतंय ते वेगळ्या जातीचं आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचं. कास्टिंगचे फोटो बघून दोष ओळखणारा कॅमेरा किंवा साच्याच्या वाळूचे आकडे बघून आज रिजेक्शन वाढणार असा इशारा देणारा प्रोग्रॅम. हे विकायला येणारा माणूस हमखास एक आकडा घेऊन येतो: आमची अचूकता ९५ टक्के.

हा आकडा कागदावर मांडून पाहा. समजा, हजार कास्टिंगपैकी २० खराब आहेत. यंत्र खराब माल ९५ टक्के वेळा पकडतं आणि चांगल्याला ९५ टक्के वेळा चांगलं म्हणतं. म्हणजे २० पैकी १९ पकडले, एक निसटला. पण ९८० चांगल्या नगांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९, त्याने उगाच खराब ठरवले. बाजूला काढलेल्या ६८ नगांत खरे खराब १९ आणि चांगले ४९. आता याहून मजेशीर हिशेब बघा. एक बंद पडलेला कॅमेरा घ्या, जो प्रत्येक नगाला चांगलाच म्हणतो. त्याची अचूकता किती? हजारातले ९८० बरोबर, म्हणजे ९८ टक्के! बंद कॅमेरा चालू कॅमेऱ्यापेक्षा अचूक. तेव्हा अचूकतेचा एकच आकडा ऐकून चेक फाडू नये. खराब किती निसटतील आणि चांगले किती अडकतील, असे दोन वेगळे आकडे मागावेत, आणि तेही आपल्या मालावर घेतलेल्या चाचणीचे.

याचा अर्थ कॅमेरा निरुपयोगी असा नाही. हजार नग उलटसुलट करून पाहण्याऐवजी तपासनीसाने ६८ नग नीट निरखले, तर संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे शाबूत राहतात. प्रश्न निसटलेल्या त्या एका नगाचा आहे. तो गटाराचं झाकण असेल तर फार तर डेबिट नोट येईल. ब्रेकचा भाग असेल तर रस्त्यावर माणूस मरेल. त्यामुळे एकच कॅमेरा एका कारखान्यात एका पॅटर्नला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही. हे ठरवणं मालकाचं आणि गिऱ्हाइकाचं काम आहे, विक्रेत्याचं नाही.

वाळूच्या प्रोग्रॅमची गोष्ट आणखी खोल आहे. ग्रीन सँड मोल्डिंगमध्ये ओलावा साधारण तीन ते चार टक्के राखावा लागतो. जास्त झाला तर वाफ होऊन ब्लो होल, कमी झाला तर मोल्ड ढासळतो. ओलावा, बेंटोनाइट, वाळूची ताकद, तापमान आणि त्या त्या दिवसाचं रिजेक्शन यांची वर्षभराची नोंद मिळाली, तर यंत्र त्यातून माणसाला न दिसणारे धागे शोधू शकतं. पण बऱ्याच ठिकाणचं रजिस्टर उघडून पाहावं. ओलाव्याच्या रकान्यात ३.४, ३.४, ३.४, ३.४, एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात. पाळी संपताना दहा मिनिटांत भरलेलं. या रजिस्टरवर शिकलेलं यंत्र वाळू शिकत नाही, सुपरवायझरची सवय शिकतं. तेव्हा कुठलंही यंत्र घ्यायच्या आधी दोन महिने खऱ्या नोंदी करून पाहाव्यात. त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं: आकडा वाईट आला म्हणून लिहिणाऱ्याला झापायचं नाही. झापलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ३.४. गंमत म्हणजे, खऱ्या नोंदी सुरू झाल्यावर रिजेक्शनचं कारण कधी कधी उघड्या डोळ्यांनीच दिसतं आणि यंत्राचा खर्च वाचतो.

जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, उघडतो, तडा कसा गेला ते पाहतो आणि सांगतो की आज जमणार नाही. त्याचं हे सांगणं रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात नसतं. माझी सूचना अशी, की एक रकाना त्याच्यासाठी आखावा. मिस्त्री काय म्हणाले: ठीक, ओली, कोरडी. वर्षभराने यंत्राचा अंदाज आणि मिस्त्रींचा अंदाज शेजारी ठेवून बघता येतील. पण हे ज्ञान तो मोकळेपणाने तेव्हाच देईल, जेव्हा ते देऊन झाल्यावर आपल्याला घरी पाठवणार नाहीत याची त्याला खात्री असेल. ती खात्री तोंडाने आणि आधी द्यावी लागते. कास्टिंग बघायला बसवलेला कॅमेरा महिन्याभराने माणसं किती वेळ चहाला जातात ते मोजू लागला, तर शेडमधलं कोणीही पुन्हा खरी नोंद करणार नाही.

आणि वाळूचा पुरवठादार बदलला की? यंत्राने जुन्या वाळूचा स्वभाव शिकलेला असतो. नवी वाळू, पावसाळ्यातली हवा, नवं गिऱ्हाईक, नवा पॅटर्न, काहीही बदललं की त्याचे अंदाज हळूहळू घसरतात, आणि घसरताना ते घंटा वाजवत नाही. स्पेक्ट्रोमीटर आपण ठरावीक काळाने प्रमाणित नमुन्यावर तपासतो, तसंच याचंही. महिन्याकाठी माहीत असलेले चांगले-वाईट पन्नास नग त्याच्यापुढे ठेवायचे आणि किती चुकले ते भिंतीवर लिहायचं.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. आमची माहिती कुठे साठणार, ती दुसऱ्या फाउंड्रीसाठी वापरणार का? उद्या करार संपला तर आमच्या नोंदी आम्हाला कुठल्या स्वरूपात परत मिळतील? लाइट गेली, नेट गेलं तर तपासणी कशी चालणार? चुकीचा माल पास झाला तर भरपाईत तुमचा वाटा किती? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा शांतता असते. ती शांतता ऐकून घ्यावी आणि त्या हिशेबाने भाव करावा.

गिऱ्हाइकांशी परस्पर बोलणारा चॅटबॉट मात्र लहान उद्योगाने सर्वांत शेवटी घ्यावा, असं मी स्पष्ट सांगेन. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं, की तिकीट आधी काढा, सवलत नंतर मागता येईल. कंपनीचा नियम उलटा होता. कंपनीने लवादापुढे युक्तिवाद केला, की चॅटबॉट ही वेगळीच कायदेशीर व्यक्ती आहे आणि ती स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने हा युक्तिवाद फेटाळून प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. त्याआधी काही आठवडे, कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावच्या एका शेवरोले डीलरच्या चॅटबॉटला एका खट्याळ माणसाने बोलण्यात गुंतवून नवी गाडी एक डॉलरला विकायला कबूल करून घेतलं होतं. गाडी कोणी दिली नाही, पण जगभर हसं झालं. विमान कंपनी असल्या गोष्टी पचवते. ज्याचा धंदाच ओळखीवर आणि शब्दावर चालतो त्याला परवडत नाही. आपल्याकडे 'शेठनी शब्द दिलाय' या वाक्याला अजून किंमत आहे. तो शब्द यंत्राला द्यायला लावू नये.

शेठच्या आवाजाची तर आता नक्कलही होते. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहून, त्यांच्याच सांगण्यावरून वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे सगळे वरिष्ठ बनावट होते. हे प्रकरण २०२४ मध्ये उघड झालं. यावरचा उपाय फुकट आहे. बँक खातं बदललंय किंवा ताबडतोब पैसे पाठव, असा निरोप कुठल्याही आवाजात आला, तरी आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर उलटा फोन करायचा. अकाउंटंटने असा फोन केला म्हणून मालकाने चिडायचं नाही, हे आधी ठरवून टाकायचं.

हीट नंबरचं काय, तर तेही सोपं आहे. ऑफिसात एक वही ठेवायची. यंत्राच्या मदतीने तयार झालेलं जे काही बाहेर जाईल, त्याची एक ओळ: तारीख, काय पाठवलं, कशाशी ताडून पाहिलं, आणि तपासणाऱ्याची सही. तपासणाऱ्याची सही नसलेला कागद बाहेर जाणार नाही. तीन महिन्यांनी ती वही चाळली, की कुठल्या कामात यंत्र चुकतं आणि कुठल्या कामात वेळ वाचवतं हे आपल्याच कारखान्याच्या आकड्यांत दिसेल.

पण वही सुरू करायच्या आधी एक काम करा. उद्या चहाच्या वेळी ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारा, की आपल्या कामासाठी कोण कुठलं ॲप वापरतं आणि त्यात आतापर्यंत काय काय टाकलं आहे. एआय घ्यायचं की नाही, असा विचार मालक करत असतो तेव्हा ते बहुधा कोणाच्या तरी मोबाइलमधून कारखान्यात आलेलंच असतं. विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर त्या रकान्यातही ३.४ येईल.